पापण्या सजवा, पण डोळा लपवायची वेळ येऊ देऊ नका

मागच्या उन्हाळ्यात महिला मंडळाच्या बैठकीत माझ्या हातून एक चूक झाली. विषय होता बायकांमधला रक्तक्षय. मी लोहाच्या गोळ्यांबद्दल सांगत होते आणि मागे बसलेल्या तीन-चार मुली मोबाइलवर पापण्या लांब करायचा व्हिडिओ बघत खुसखुसत होत्या. मी बोलणं थांबवलं आणि मोठ्याने म्हणाले, "पापण्या लांब केल्या म्हणजे काय नोकरी लागणार आहे का गं? आधी अंगात रक्त भरा." सगळ्या बाया हसल्या. मुलींनी मोबाइल पालथे ठेवले. मला वाटलं, बरं सुनावलं.

त्यातली एक मुलगी आमच्याच गल्लीतली. लहानपणी लस टोचताना तिला मीच धरलं होतं. पुढच्या महिन्यात तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या दिवशी तिने एका खोलीतल्या पार्लरमध्ये जाऊन पापण्यांच्या केसांना एक्स्टेन्शन चिकटवून घेतली. लग्नात छान दिसली. फोटोही छान आले. तिसऱ्या दिवशी उजवा डोळा लाल झाला, टोचायला लागला, उजेड सहन होईना. तिने काळा गॉगल लावला आणि "डोळे आलेत" असं घरात सांगितलं. रात्री आरशासमोर उभं राहून चिकटवलेले केस नखाने ओढून काढले. त्याबरोबर तिचे स्वतःचेही केस आले. घरात आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली होती. दोन दिवस ते थेंब घातले.

तिच्या आणि माझ्या दारात दहा पावलांचं अंतर आहे. तरी ती माझ्याकडे आली नाही. पाचव्या दिवशी आईने ओढून आणली तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत होता. सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात नेलं. बुबुळावर व्रण झाला होता. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. डोळा वाचला, पण बारीक फूल राहिलं. त्या डोळ्याने तिला आता थोडं धूसर दिसतं.

मी तिला विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही आलीस?" ती म्हणाली, "मावशी, तुम्ही परत सगळ्यांसमोर बोलल्या असत्या."

मी नर्सिंगचा डिप्लोमा केला, अनेक वर्षं वॉर्डात काढली, पुढे नोकरी सोडून वस्तीत आरोग्याचं काम धरलं. एवढं सगळं करून माझ्या एका टोमण्याने एका पोरीला उपचारापासून पाच दिवस लांब ठेवलं. म्हणून आज पापण्यांवर लिहिते आहे. माझं म्हणणं सरळ आहे. मुलींच्या नटण्याला नाक मुरडणं बंद करा. त्याने नटणं थांबत नाही, फक्त लपून होतं. आणि लपून केलेल्या गोष्टीत इजा झाली तर तीही लपवली जाते. आपण काय घालावं, कसं दिसावं हे एके काळी दुसरे ठरवत होते. आता आपणच आपल्या मुलींना हिणवायचं, हे शोभत नाही. त्यांना डोळे सांभाळून कसं नटायचं ते सांगू या.

पापणीचे केस कशासाठी असतात

वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला त्याहून कमी. एक केस महिना-दोन महिने वाढतो, मग विसावतो, मग गळतो आणि त्याच जागी नवा येतो. डोक्याच्या केसासारखा तो वर्षानुवर्षं वाढत नाही, म्हणून तो ठरावीक लांबीलाच थांबतो. रोज एखाद-दुसरा केस गळला तर घाबरायचं कारण नाही.

हे केस डोळ्यात धूळ, घाम, चिलट जाऊ देत नाहीत. काही टेकलं की पापणी आपोआप मिटते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २२ प्रकारच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की केसाची लांबी साधारण डोळ्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश असते, आणि तेवढ्याच लांबीला डोळ्यावर येणारा वारा व धूळ सर्वांत कमी होते. केस त्याहून फार लांब झाले तर ते वारा उलट डोळ्याकडे वळवतात. म्हणजे निसर्गाने दिलेली लांबी कमी पडलेली नाही. एखाद्या समारंभापुरती ती वाढवून दाखवायची असेल तर जरूर दाखवा. पण बाराही महिने डोळ्यावर छप्पर टांगून ठेवू नका.

घरगुती उपायांबद्दल खरं-खोटं

एरंडेल तेल लावलं की पापण्या वाढतात, असं घरोघरी सांगतात. तेलाने केस चमकतात, ओले दिसतात, एकमेकांना चिकटून दाट भासतात. व्हॅसलीननेही तेच होतं. केस वाढल्याचा पक्का पुरावा मात्र नाही. लावायचंच असेल तर अगदी थोडं, स्वच्छ बोटाने, केसांच्या टोकांना. डोक्याला लावायच्या बाटलीतलं, घरभर बोटं बुडवलेलं तेल डोळ्याजवळ नको.

बाळाच्या पापण्यांचे केस कात्रीने कापले की दाट येतात, हा समज तर सोडूनच द्या. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, वर कापल्याने त्याला काही कळत नाही. बाळाने मान हलवली तर कात्री कुठे लागेल याचा विचार करा.

काजळाचं थोडं सविस्तर सांगते. काजळाने केस वाढत नाहीत, पण केसांच्या मुळाशी काळी रेघ आली की पापणी भरलेली दिसते. स्वस्तातला आणि चांगला उपाय आहे. फक्त रेघ केसांच्या बाहेरच्या बाजूने ओढा, पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर नको. बाजारात सुटा मिळणारा सुरमा मात्र घरात आणू नका. तो पुष्कळदा शिशाच्या खनिजापासून केलेला असतो. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला मनाई आहे, पण कागदाच्या पुडीतल्या मालावर कोणाचं नाव-गाव असतं? तान्ह्या बाळाच्या डोळ्यात तर काजळही नको, सुरमाही नको.

समारंभाला काय करावं

केसांना बाक देणारा चिमटा, म्हणजे कर्लर, हा सर्वांत सोपा मार्ग. केस वर वळले की आहेत तेच लांब दिसतात. चिमटा नेहमी मस्करा लावण्याआधी वापरायचा. मस्करा सुकल्यावर दाबलात तर केस तुटतात. रबर झिजलं असेल तर ते आधी बदला.

मस्करा मुळापासून टोकाकडे, ब्रश डावी-उजवीकडे हलवत, दोन पातळ थर. पहिला थर जरा सुकला की दुसरा. जाड थराने केसांच्या गाठी होतात. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि तीन महिन्यांनी ती टाकून द्या. आतलं द्रव्य काळं आणि ओलं, त्यात जंतू वाढले तरी दिसत नाहीत. ब्रश बुबुळाला ओरखडला आणि त्याच वेळी हे जंतू आत गेले, तर दोन दिवसांत व्रण होऊ शकतो. म्हणून सुकलेल्या मस्करात पाणी किंवा थुंकी घालू नका, आणि धावत्या रिक्षात, लोकलमध्ये तो लावू नका. लग्नघरात एकच मस्करा दहा जणींच्या डोळ्यांना फिरतो, ते आधी बंद करा. एकीचे डोळे आले की दहा जणींचे येतात. मैत्रिणीला ओढणी द्या, बांगड्या द्या, मस्करा देऊ नका.

चिकटवायच्या पट्टीच्या पापण्या एका संध्याकाळीपुरत्या ठीक. गोंद पट्टीला लावायचा, पापणीला नाही. आदल्या दिवशी तोच गोंद हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. खाज किंवा लाली आली तर ती बाटली तुमच्यासाठी नाही. घरी आल्यावर कितीही दमलात तरी पट्टी काढूनच झोपा. कापसावर थोडं तेल घ्या, मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट धरा, सावकाश पुसा, मग सौम्य साबणाने पापणी धुवा. ओढायचं नाही.

एक्स्टेन्शन आणि सीरम

एक्स्टेन्शनमध्ये तुमच्या एकेका केसावर नकली केस चिकटवतात. गोंद बहुधा सायनोॲक्रिलेटचा असतो. घरात मोडलेली वस्तू जोडायला जो झटपट गोंद आणतो, त्याच्याच कुळातला. काही गोंदांतून फॉर्मल्डिहाइडही सुटतं. त्याने डोळे झोंबतात, पापणी सुजते. एकदा काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं नाही, ॲलर्जी चौथ्या-पाचव्या खेपेलाही उठते. नकली केस जड असले तर खरे केस मुळातून ओढले जातात आणि काही ठिकाणी परत येत नाहीत. शिवाय केस निघतील या भीतीने मुली पापणी धूतच नाहीत. मग मुळाशी कोंडा साठतो, कडा लाल होतात. लावलंच असेल तर पापणीची कड रोज हलक्या हाताने धुवा, आणि काढायचं तर जिने लावलं तिच्याकडूनच काढून घ्या.

आता सीरमबद्दल. बायमॅटोप्रॉस्ट हे मुळात काचबिंदूचं औषध. ते डोळ्यात घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्या लांब आणि काळ्या होताना डॉक्टरांना दिसल्या. पुढे डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पापण्या वाढवण्यासाठी त्याला मान्यता दिली. म्हणजे खरोखर केस वाढवणारं औषध आहे. पूर्ण परिणाम दिसायला सुमारे चार महिने लागतात आणि लावणं थांबवलं की पापण्या हळूहळू पूर्ववत होतात. डोळा लाल होणं, खाज, पापणीची कातडी काळवंडणं, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल दिसणं असे त्याचे त्रास आहेत. घाऱ्या डोळ्यांचा रंग कायमचा तपकिरी होऊ शकतो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते लावायचं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर विचारल्याशिवाय नाहीच.

एका घरात नात आजोबांच्या काचबिंदूच्या बाटलीतले थेंब पापण्यांना लावत होती. बाटली वेळेआधी संपायची. आजोबांना वाटायचं आपल्याच हातून सांडते, आणि पैसे येईपर्यंत ते दोन-चार दिवस थेंबांशिवाय काढायचे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. नातीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर तीच रडली, आणि आता तीच रोज वेळेवर आजोबांच्या डोळ्यात थेंब घालते.

केसांचा रंग पापण्यांना कधीच नको

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश लूर' नावाचा पापण्या रंगवायचा रंग विकला जात होता. त्यात पॅराफेनिलिनडायअमाइन हे रसायन होतं. त्याने बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, एकीची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. त्या वेळच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांवर अंकुशच नव्हता. अधिकाऱ्यांनी अशा वस्तूंचं प्रदर्शन मांडलं, बायकांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि १९३८ साली नवा कायदा आला. मग हा रंग बाजारातून जप्त झाला. तेच रसायन आज आपल्या घरातल्या अनेक काळ्या हेअर डायमध्ये आणि लवकर रंगणाऱ्या काळ्या मेंदीत असतं. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं की भुवया-पापण्यांना लावू नये. अक्षर बारीक असतं, म्हणून मी इथे मोठ्याने सांगते.

आणि एक लक्षात घ्या. त्या वेळी बायकांनी "आम्ही नटणार नाही" अशी शपथ घेतली नाही. नटायला जे विकता ते सुरक्षित द्या, अशी मागणी केली. आपलीही मागणी तीच हवी. वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरायची मुदत हवी. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. नसेल तर घेऊ नका, आणि इजा झाली तर बाटली फेकू नका. ती घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

पार्लरवाली पण आपलीच

त्या मुलीच्या डोळ्याचं कळल्यावर काही जणींना पार्लर बंद पाडायचं होतं. मी गेले. पार्लरवालीही वस्तीतलीच, दोन लेकरांची आई. थोड्या दिवसांच्या क्लासवर आणि मोबाइलवर बघून शिकलेली. खोलीला खिडकी नाही. गोंदाच्या बाटलीवर तिला वाचता येईल असं एक अक्षर नाही. तिचे स्वतःचे डोळे दिवसभर पाणावतात, संध्याकाळी डोकं धरतं. दिवसात चार जणी आल्या तर चार जणींचा वाफारा तीही घेतेच. तिला हाकलून काय झालं असतं? पुढच्या गल्लीत दुसरी बसली असती.

आम्ही बसून बोललो. आता ती चिमटा प्रत्येकीनंतर धुऊन उकळत्या पाण्यात टाकते, ब्रश दुसरीला वापरत नाही, दार उघडं ठेवून पंखा लावते, गोंद एक दिवस आधी तपासते आणि ज्यांचा डोळा आधीच लाल आहे त्यांना परत पाठवते. भिंतीवर तिने स्वतः लिहून लावलंय, "दुखलं तर लगेच दवाखान्यात जा, नंतर मला सांगा." माझ्या कित्येक भाषणांपेक्षा ते वाक्य कामाचं आहे.

पापण्या गळत असतील तर

पापण्या विरळ झाल्या म्हणून थेट पार्लर गाठू नका, कधी कधी तो आजार असतो. कडांना कोंडा आणि सूज असेल तर पापणीचा दाह असू शकतो. थायरॉइड कमी असलं तर भुवया बाहेरच्या बाजूने विरळ होतात, पापण्याही गळतात. कुष्ठरोगात भुवया आणि पापण्यांचे केस जातात. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर आजार बरा होतो, म्हणून नाव ऐकून दडून बसू नका. काही मुली मनावर ताण असला की नकळत पापण्या उपटतात, त्यांना ओरडा नको, आधार हवा.

म्हाताऱ्या माणसांत उलट तक्रार असते. केस आत वळून बुबुळाला घासतात. जुन्या खुपऱ्यांमुळे असं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नसल्याचं जाहीर केलं, पण ज्यांना ती आधी होऊन गेली त्या आज्या आपल्या घरात आहेत. त्या चिमट्याने केस उपटत बसतात. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, छोट्या शस्त्रक्रियेने सुटका होते.

आणि रक्तक्षयाबद्दल मी त्या दिवशी जे बोलले, ते बोलणं खोटं नव्हतं, बोलायची रीत खोटी होती. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. अंगात लोह आणि प्रथिनं कमी असली की केसांवर परिणाम दिसतो. डाळ, अंडी, हिरव्या भाज्या, आणि डॉक्टरांनी दिल्या तर लोहाच्या गोळ्या, हे पापण्यांसाठीही आहे असं मी त्या मुलींना सांगितलं असतं, तर त्यांनी मोबाइल बाजूला ठेवून ऐकलं असतं.

इजा झाली तर

गोंद किंवा रसायन डोळ्यात गेलं तर नळाच्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा. पापण्या चिकटल्या तर ओढून उघडू नका, स्पिरिट किंवा नेलपेंट काढायचं पाणी लावू नका, तसंच दवाखान्यात जा. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल, पू येत असेल किंवा बुबुळावर पांढरं दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. घरातली जुनी थेंबांची बाटली घालू नका. ऑपरेशननंतर मिळणाऱ्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत जंतूंचा व्रण वाढत जातो. आमच्या गल्लीतल्या पोरीचं तेच झालं.

मावश्यांनो, आयांनो, तुमची मुलगी गॉगल लावून घरात वावरायला लागली तर आधी "काय लावलं होतंस?" असं दरडावू नका. "दुखतंय का?" एवढंच विचारा आणि चप्पल घाला. बाकीचं दवाखान्यातून परत आल्यावर बोलता येईल. मीही पुढच्या बैठकीत उभी राहिले आणि त्याच मुलींची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या आता मागच्या रांगेत बसत नाहीत. पुढे बसतात आणि मलाच विचारतात, "मावशी, हा मस्करा चालेल का, बघा ना." मी चष्मा लावते आणि मुदतीची तारीख वाचते.